दहा मिनिटांचा खेळ, बारा भेटी

भातसा धरणाचे पाणी नदीच्या पात्रातून पिसेपर्यंत जाते, तिथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि जलवाहिन्यांतून मुंबईच्या नळांना पोहोचते. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा या एका धरणाचा. धरणालगतच्या भातसानगरातून किंवा आसपासच्या पाड्यातून एखाद्या आईला तीन वर्षांचे, अजून न बोलणारे मूल घेऊन मुंबईच्या थेरपिस्टकडे जायचे असेल, तर मात्र वाट एवढी सरळ नसते. आधी एसटी किंवा जीपने शहापूर. तिथून रिक्षाने आसनगाव. मग कसारा मार्गावरची लोकल आणि त्यात दीड-दोन तास. मुरबाडच्या बाजूला तर रेल्वेच नाही. तिथली आई आधी एसटीने कल्याण गाठणार.

थेरपीचे सत्र पाऊण तासाचे आणि त्यासाठी दिवस पूर्ण जातो. दोघांपैकी एकाची मजुरी बुडते. त्यात मूल ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्न असेल, तर लोकलचा भोंगा, फलाटावरची घोषणा, डब्यातली रेटारेटी यांनीच ते कानांवर हात ठेवून कोसळते. थेरपिस्टच्या खोलीत पोहोचते तेव्हा त्याच्यात शिकण्याचे त्राण उरलेले नसते. थेरपी तर आठवड्याला एकदा तरी हवी. तीन-चार खेपा होतात, मग भातलावणी येते, घरात कुणी आजारी पडते आणि जाणे थांबते. कागदावर त्या मुलापुढे ‘पालकांनी उपचार सोडले’ असा शेरा पडतो.

तज्ज्ञाकडे मूल नेण्याऐवजी तज्ज्ञाचे कौशल्य मुलाच्या घरी नेता येईल का, हा प्रश्न काही विद्यापीठांतल्या संशोधकांनी गेल्या दीड-दोन दशकांत गांभीर्याने घेतला. त्यातले एक महत्त्वाचे काम महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्यात झाले. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांना ते बारकाईने पाहण्याजोगे आहे.

नजर कुठे आहे?

ऑटिझम हा आजार नव्हे. मेंदूची जडणघडणच वेगळ्या रीतीने झालेली असते आणि ती पहिल्या दोन-तीन वर्षांत वागण्यातून दिसू लागते. मूल हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, नजरेला नजर देत नाही, एकच कृती पुन्हा पुन्हा करत राहते. काही मुले बोलतात, पण संवादासाठी बोलत नाहीत. काही मुळीच बोलत नाहीत. प्रत्येक मूल वेगळे.

आपल्याकडे अशी मुले किती, याचा अंदाज बरीच वर्षे हवेतच होता. २०१८मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर गोवा त्यातले एक ठिकाण होते. दोन ते नऊ वर्षांच्या साधारण दर आठ मुलांमागे एकात मेंदूच्या वाढीशी निगडित अशी किमान एक अडचण आढळली. यात ऑटिझमबरोबर ऐकण्या-पाहण्यातले दोष, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातल्या अडचणी असे सारे मोजले होते. हा आकडा पाहिला की एक गोष्ट उघड होते. एवढ्या मुलांना पुरतील इतके स्पीच थेरपिस्ट आणि विकासतज्ज्ञ देशात नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत.

गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेतल्या डॉ. गौरी दिवान, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी उपचाराला हात घातला नाही. त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरच्यांशी, शिक्षकांशी, विशेष शिक्षकांशी बोलून घेतले. वीस सविस्तर मुलाखती आणि नऊ गटचर्चा यांवर आधारलेला हा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जे पुढे आले ते कोणत्याही गावातल्या अशा घराला ओळखीचे वाटेल. कुटुंब आधी लोकांत मिसळणे सोडते. लग्नकार्याला जाणे टळते, शेजारी विचारतील म्हणून दार लोटले जाते. डॉक्टर, शिक्षक, देवाधर्माची माणसे, कुणालाच नेमके काय आहे याची कल्पना नसते, त्यामुळे एका दारातून दुसऱ्या दारात पैसा आणि वर्षे खर्ची पडतात. हळूहळू, स्वतःच्या हिमतीवर, ही कुटुंबे पुन्हा चारचौघांत येतात. सगळी येत नाहीत.

उपचार कोणता द्यावा याच्या आधी उपचार ज्यांना द्यायचा ते कुठल्या अवस्थेत आहेत हे विचारणे, ही या कामातली पहिली शहाणपणाची पायरी होती.

मँचेस्टरहून गोव्याकडे

दुसरीकडे ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ जोनाथन ग्रीन, स्पीच थेरपिस्ट कॅथरिन आल्ड्रेड आणि त्यांचे सहकारी ‘पॅक्ट’ नावाची पद्धत तपासत होते. ऑटिझमवरच्या अनेक पद्धतींत थेरपिस्ट मुलाबरोबर तासन्‌तास काम करतो. ‘पॅक्ट’मध्ये तो मुलाला जवळपास हातच लावत नाही. त्याचे काम आईवडिलांबरोबर असते आणि त्याचे हत्यार म्हणजे कॅमेरा.

पद्धत अशी. आई आणि मूल दहा मिनिटे जमिनीवर बसून खेळतात. त्याचे चित्रण होते. मग थेरपिस्ट आणि आई ते एकत्र पाहतात, थांबवतात, मागे नेतात, पुन्हा पाहतात.

एक उदाहरण घेऊ. मूल स्टीलच्या डब्याचे झाकण फरशीवर गरगर फिरवत बसले आहे. आईच्या हातात लाल गाडी. ती म्हणते, ‘बाळा, हे बघ काय, गाडी. म्हण गाडी. म्हण ना. गाडी कशी जाते?’ मूल पाठ फिरवते. आई गाडी त्याच्या डोळ्यांसमोर नेते, ते हात झटकते. तीन मिनिटे असेच जाते. मग आई थकून गप्प होते. सहज म्हणून तीही एक झाकण उचलते आणि फिरवते. झाकण खणखणत पडते. ती आपल्याशीच म्हणते, ‘पडलं.’ मूल वर पाहते. अर्धा क्षण, पण थेट तिच्याकडे पाहते.

बसल्या जागी आईला तो अर्धा क्षण दिसलेला नसतो. तिच्या लेखी दहा मिनिटे वाया गेलेली असतात. पडद्यावर तो क्षण थांबवून थेरपिस्ट विचारतो, ‘इथे काय झालं? आधी तुम्ही काय करत होता, आणि आता काय केलंत?’ उत्तर आईनेच शोधायचे असते. मुलाला आपल्याकडे ओढण्याऐवजी आपण त्याच्याकडे गेलो, प्रश्न विचारणे थांबवले, वाट पाहिली, तो ज्याकडे पाहत होता त्याचेच नाव घेतले, हे तिच्या लक्षात येते. पुढच्या पंधरा दिवसांत रोज अर्धा तास तिने हेच करून पाहायचे. पुढच्या भेटीत नवे चित्रण.

संशोधक याला ‘सिंक्रनी’ म्हणतात. मराठीत सूर जुळणे म्हणता येईल. आईच्या दर शंभर वाक्यांपैकी किती वाक्ये मुलाचे लक्ष जिथे आहे त्याला धरून होती, हे चित्रणावरून मोजता येते. ‘म्हण गाडी’ हे मागणीचे वाक्य झाले. ‘पडलं’ हे सूर जुळलेले. इतर मुले आईच्या मागणीच्या वाक्यांतूनही भाषा उचलतात, कारण आईचे लक्ष कुठे आहे हे ती आपोआप पाहतात. ऑटिझम असलेल्या मुलाला दोन गोष्टींमध्ये लक्ष वाटून घेणेच जड जाते. म्हणून तो भार आईने आपल्याकडे घ्यायचा.

ब्रिटनमधल्या १५२ मुलांवरची ‘पॅक्ट’ची चाचणी २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली तेव्हा प्रतिक्रिया थंडच होती. आईवडिलांचे बोलणे चांगलेच बदलले होते, पण ऑटिझमच्या लक्षणांत तेव्हा ठोस फरक दिसला नव्हता. खरी बातमी २०१६मध्ये आली. त्याच मुलांपैकी १२१ जणांना सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. ज्यांच्या पालकांना हे प्रशिक्षण मिळाले होते त्या गटात तीव्र लक्षणे असलेली मुले ४६ टक्के होती, नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ६३ टक्के. आईवडील शिकले ते थेरपिस्ट निघून गेल्यावरही घरात चालू राहिले असावे, असा त्याचा अर्थ लावला गेला. मुलांची चिंता आणि त्रासदायक वागणे मात्र कमी झाले नव्हते, हेही त्याच निबंधात स्पष्ट नोंदवलेले आहे.

ब्रिटनमध्ये हे काम स्पीच थेरपिस्ट करत होते. गोव्यात किंवा रावळपिंडीत ते कुणी करायचे? लिव्हरपूल विद्यापीठातले अतीफ रहमान, ‘संगत’चा गट आणि मँचेस्टरचे संशोधक यांनी मिळून ‘पॅक्ट’ला दक्षिण आशियाचे रूप दिले आणि त्याला ‘पास’ असे नाव पडले. इथे घरी जाणारी व्यक्ती ऑटिझमची तज्ज्ञ नव्हती. स्थानिक भाषा बोलणारी, प्रशिक्षण दिलेली सामान्य आरोग्य कार्यकर्ती होती. ब्रिटनच्या थेरपिस्टनी इथल्या तज्ज्ञांना शिकवायचे, त्यांनी कार्यकर्त्यांना शिकवायचे आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवायचे, अशी उतरंड होती. बारा भेटी, पंधरा दिवसांनी एक.

२०१३मध्ये गोवा आणि रावळपिंडी इथली दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली गेली. ३२ जणांना ‘पास’, ३३ जणांना जे काही उपचार मिळत होते तेवढेच. ३२ कुटुंबांपैकी २६ कुटुंबांनी बारा किंवा अधिक भेटी पूर्ण केल्या. आसनगावच्या फलाटावरून परत फिरणाऱ्या कुटुंबांचा विचार केला तर या सगळ्या चाचणीतला हाच आकडा सर्वांत बोलका म्हणावा लागेल. दारी आलेला उपचार लोक सोडत नाहीत.

शेवटी पुन्हा चित्रण झाले. ते पाहून गुण देणाऱ्यांना कोणते मूल कोणत्या गटातले हे माहीत नव्हते. ‘पास’ गटातल्या पालकांचे सूर जुळलेले बोलणे ठळकपणे वाढले होते आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले होते. एक निकाल उलटाही आला. आई आणि मूल दोघे मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ ‘पास’ गटात कमी भरला. संशोधकांनी तो लपवला नाही. ही चाचणी लहान होती, तिने ऑटिझम बरा झाल्याचे दाखवलेले नाही आणि तसा तिचा दावाही नाही. इतके मात्र तिने दाखवले की ब्रिटनमध्ये तज्ज्ञ जे करतात त्याचा गाभा गावातली शिकवलेली कार्यकर्ती घरच्या जमिनीवर बसून करू शकते.

नंतर याच गटाने झोप न लागणे, खाण्याचे हट्ट, शौचाच्या सवयी, आवाज-स्पर्शाचा त्रास अशा रोजच्या अडचणींवरचे मार्गदर्शन जोडून ‘पास प्लस’ तयार केले. ते ग्रामीण भागात करून पाहिले आणि २०१९मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. हा बदल पालकांच्या गरजेला धरूनच होता. जी आई चार वर्षे सलग रात्रभर झोपलेली नाही, तिला ‘मुलाचे लक्ष कुठे आहे ते पाहा’ असे सांगण्याआधी मुलाला झोपवायचे कसे हे सांगावे लागते.

आईवर आणखी एक काम?

इथे एक जुनी जखम आहे. लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर दोन दशके पाश्चात्त्य मानसोपचारात असा समज बळावला की आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते. हजारो आयांनी तो दोष उराशी धरून आयुष्य काढले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४मध्ये पुस्तक लिहून त्या समजाला तडा दिला. ते स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. आज या समजाला कसलाही शास्त्रीय आधार उरलेला नाही.

पण आपल्या घरांत तो वेगळ्या रूपात जिवंत आहे. ग्रहणात बाहेर गेली होती, मोबाइल हातात देत होती, मुलाशी बोलतच नव्हती, असे म्हणत बोट शेवटी आईकडेच जाते. अशा घरात एखादी ताई कॅमेरा घेऊन आली आणि ‘आईला शिकवायचे आहे’ म्हणाली, तर सासूबाई काय अर्थ काढतील हे सांगायला नको. म्हणून पहिल्या भेटीत एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसमोर बोलली गेली पाहिजे. आईचे काही चुकलेले नाही. तिचे बोलणे कोणत्याही मुलाला पुरले असते. या मुलाला नेहमीपेक्षा अधिक नेमके बोलणे लागते, आणि ते कुणालाही शिकूनच येते. बाबांनाही, आजीलाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. रोजचा अर्धा तास कुठून आणायचा?

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा अशी मुंबईची धरणे आहेत आणि याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरवर जगतात. मार्च-एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायला दोन-दोन तास बसणाऱ्या बाईला रोज अर्धा तास मुलाशी खेळ म्हणणे हा ऐकायला सोपा आणि करायला क्रूर सल्ला ठरू शकतो. आईवडिलांमार्फत उपचार ही कल्पना पाड्यावर आणायची तर तो वेळ खेळण्यांच्या पेटीसमोरच जावा असा हट्ट सोडावा लागेल. मूल हंड्यात हात घालून पाणी उडवते आहे, तिथेच ‘पाणी’ म्हणायचे आणि थांबायचे. कोंबड्यांना दाणे टाकताना मूठ अर्धी उघडून वाट पाहायची, मूल बोट लावते का. भाकरी थापताना पिठाचा गोळा त्याच्या हातात द्यायचा आणि तो जे करील तेच आपण करायचे. तत्त्व तेच, वेळ वेगळा काढावा लागत नाही.

भाषेचेही तसेच. कातकरी, ठाकूर, वारली घरांत जी बोली आहे तीच मुलाची भाषा. ‘मुलाशी शुद्ध मराठीत बोला, शाळेत उपयोगी पडेल’ असा सल्ला अशा मुलांच्या आयांना हौसेने दिला जातो. ज्या भाषेत आईला विचार न करता शब्द सुचतात त्याच भाषेत तिचा सूर मुलाशी जुळणार. बाहेरून आलेल्या थेरपिस्टपेक्षा पाड्यावरचीच कार्यकर्ती इथे सरस ठरण्याचे हे एक साधे कारण.

आणि मग स्थलांतर. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडमधली अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे बारा भेटी म्हणजे सहा महिने. पावसाळ्यात सुरू केलेले काम निम्म्यावर तुटणार हे उघड आहे. गोव्याच्या चाचणीपुढे हा प्रश्न नव्हता, ठाणे जिल्ह्यापुढे आहे. भट्टीवर एका तरी माणसाकडे स्मार्टफोन असतो आणि चित्रणावर चालणारी पद्धत फोनवरूनही काही अंशी चालू शकेल, असे वाटते. पण ते करून, मोजून पाहावे लागेल. मुंबईतल्या आणि ठाण्यातल्या विद्यापीठांना, वैद्यकीय महाविद्यालयांना, समाजकार्याच्या विभागांना संशोधनाचा विषय शोधायला याहून दूर जायची गरज नाही.

पाड्यावर ही कार्यकर्ती नव्याने नेमायची असेही नाही. आशाताई आजही तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या बाळांच्या घरी ठरलेल्या भेटी देते. माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करते. शोधण्याची व्यवस्था कागदावर तरी उभी आहे. मूल शोधल्यावर त्याला पुढे पाठवायचे ते जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि गाडी पुन्हा आसनगावच्या फलाटावर येऊन थांबते. आशाताईंवर आधीच इतकी कामे आणि नोंदवह्या लादलेल्या आहेत की मोबदला, प्रशिक्षण आणि देखरेख यांशिवाय हे काम त्यांच्या गळ्यात घालणे अन्यायाचे होईल. ‘पास’च्या यशात कार्यकर्तीइतकाच वाटा तिच्या मागे उभ्या असलेल्या पर्यवेक्षक तज्ज्ञांचा होता, हे विसरून चालणार नाही.

बोलता न येणाऱ्यांसाठी बटणे

सगळीच मुले शेवटी बोलतील असे नाही. सेरेब्रल पाल्सीमध्ये काही वेळा मुलाला समजते सारे, पण जीभ, ओठ, श्वास यांवर ताबा नसल्याने शब्द उमटत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या ‘आयडीसी’ या डिझाइन विभागात प्रा. रवी पूवय्या आणि त्यांच्या गटाने अशा मुलांसाठी ‘जेलो’ नावाचे ॲप तयार केले. पडद्यावरची चित्रे दाबून मूल ‘मला हवे’, ‘नको’, ‘आवडते’, ‘अजून’ असे म्हणू शकते आणि फोन ते मोठ्याने बोलतो. ते मराठीतही आहे आणि मोफत आहे.

आपल्याकडची जेवणे, सण, कपडे, नातीगोती यांची चित्रे असणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. परदेशी ॲपमध्ये बर्गरचे चित्र असते, भाकरीचे नसते. चित्रांवर बोलायला शिकले तर मूल तोंडाने बोलायचेच सोडून देईल, ही भीती पालकांना हमखास वाटते. तिला आधार नाही. संवादाची एक वाट मोकळी झाली की मुलाची चिडचिड कमी होते आणि ज्याला शब्द येऊ शकतात त्याला ते येतातही.

घरच्यांनी काय पाहावे

‘याचा बाप पण उशिरा बोलला’ हे वाक्य ज्या घरात म्हटले जाते तिथे साधारण वर्षभर वाया जाते. काही मुले उशिरा बोलतात हे खरे. पण बारा महिने उलटले तरी मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, हात हलवून टाटा करत नसेल, सोळा महिन्यांनंतरही एकही शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही स्वतःचे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. आधी येत असलेले बोलणे किंवा हसणे-खिदळणे कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर एक आठवडाही थांबू नये.

पहिली तपासणी कानांची. हाकेला न वळणारे मूल बहिरे असू शकते आणि तेव्हा पुढचा मार्गच वेगळा होतो. मोठा आवाज केला की दचकते, म्हणजे ऐकू येते, ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. ‘बेरा’ चाचणीत मूल झोपलेले असताना श्रवणशक्ती तपासता येते. सुरुवात शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात करून तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जावे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी आणि श्रवण याच विषयांना वाहिलेली आहे, आणि हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये झाला. जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांच्या जागी त्यात २१ प्रकार आले आणि ऑटिझमला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांवर बहुतेक सवलती अवलंबून असतात, प्रवासातल्याही. मूल ‘पुढे सुधारेल’ म्हणून किंवा ‘शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारी कुटुंबे अनेक आहेत. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देते. त्यासाठीही प्रमाणपत्र लागतेच.

डॉक्टरकडे जाताना फोनमध्ये मुलाची दोन-तीन छोटी चित्रणे न्यावीत. घरी एकटे खेळतानाचे एक, कुणी नाव घेऊन हाक मारतानाचे एक, जेवतानाचे एक. दवाखान्यातल्या अनोळखी खोलीत, तीन तासांच्या प्रवासानंतर, मूल जसे वागते तसे ते घरी वागत नाही. डॉक्टरांना पाहायचे असते ते घरचे मूल. आणि ही चित्रणे पुसून टाकू नयेत. पुढे कधी कुणी ताई बारा भेटींची वही घेऊन पाड्यावर आलीच, तर सुरुवात तिथूनच करता येईल.